ब्रह्मा कोंबड्यांसाठी खुराडं: तयार घ्यावं की बांधून घ्यावं?

गडग्यापलीकडे (संगमेश्वर)

नमस्कार मंडळी. मी तीन वर्षांपूर्वी मुंबईची नोकरी सोडून गावी आलो. आंबा-काजू आहे, थोडी परसबाग आहे, आणि आईच्या दहा-बारा गावठी कोंबड्या आधीपासून आहेत. गावठींचं कधी काही करावं लागलं नाही. संध्याकाळी पडवीतल्या खुराड्यात कोंडायच्या, फळी लावायची, सकाळी सोडायच्या. त्यातल्या दोन तर खुराड्यात येतच नाहीत, फणसावर झोपतात.

गेल्या दिवाळीत हौसेने लाइट ब्रह्मा या मोठ्या परदेशी जातीची आठ पिल्लं आणली. दोन गेली, सहा राहिली. एक नर, पाच माद्या. आता साडेचार महिन्यांची आहेत आणि वाढ बघून घरातले हादरलेत. नर काल काट्यावर 2 किलो 900 भरला आणि अजून नुसती हाडंच वाढताहेत म्हणे. पायाला बोटांपर्यंत पिसं, त्यामुळे अंगणातून चालला की वडिलांचे बूट घातलेल्या पोरासारखा दिसतो.

अडचण खुराड्याची. पडवीतलं खुराडं 3 फूट बाय 2 फूट, उंची 2 फूट, दार जेमतेम 10 इंच. परवा तिन्हीसांजेला नर दारात अडकला. मागे पाच माद्या रांगेत, त्यांच्या मागे आईच्या गावठी, आणि सगळ्यात मागे मी फळी घेऊन. शेवटी त्याला मागे ओढून काढला, पाठीची चार पिसं दारातच राहिली.

आता तीन पर्याय समोर आहेत. ऑनलाइन एक तयार लाकडी खुराडं बघितलं, 6 फूट बाय अडीच फूट, दोन फुटांच्या पायांवर उभं, पुढे शिडी, बाजूला अंड्यांचे डबे. "8 ते 10 कोंबड्यांसाठी" असं लिहिलंय. 26,000 रुपये. दुसरं, बाजारातला फॅब्रिकेटर लोखंडी अँगलचं दोन मजली करून देतो म्हणतो, 22,000. तिसरा पर्याय आईचा. ती म्हणते, मांगरात गुरांसोबत सोड, आणि लहान होत्या तेव्हाच डालग्याखाली ठेवून सवय लावली असतीस तर ही वेळ आली नसती.

मला 30,000 च्या वर जायचं नाही. आगोटीच्या आत काम व्हायला हवं, एकदा पाऊस लागला की इथे चार महिने बाहेर काही करता येत नाही. जागा किती लागेल, बसायची दांडी किती उंच, जमिनीवर बांधू की खांबांवर, पत्रा की कौलं? ज्यांनी मोठ्या जातीच्या कोंबड्या स्वतः पाळल्यात त्यांनी सांगा. पुस्तकातलं मी वाचलंय.

---

शिवणवाली काकू (वाई)

भाऊ, ते 26 हजारांचं मागवलं नसेल तर मागवू नका. मागवलं असेल तर परत करा.

मी 31 वर्षं ब्लाउज शिवतेय आणि सात वर्षं ब्रह्मा पाळतेय. मला एवढंच कळतं की आधी गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं, मग कापड फाडायचं. तुम्ही दुकानातला तयार झगा आणून पोरीला त्यात बसवायला निघालात. टेप घ्या आणि नराचं माप काढा. आत्ताचं नको, वर्षाचा झाल्यावर किती होईल ते धरून. माझा नर, दादूस, दोन वर्षांचा होता तेव्हा उभा राहिल्यावर तुऱ्यापर्यंत 27 इंच, छातीत पिसांसकट 11 इंच रुंद, वजन 4 किलो 800. या जातीचा चांगला नर पाच किलोच्या वर जातो. मग तुमच्या त्या लाकडी पेटीचं दार किती आहे ते चित्रात बघा. 10 बाय 12 इंच असेल. म्हणजे पुन्हा मागे ओढायची पाळी.

आता जागा. 6 गुणिले अडीच म्हणजे 15 चौरस फूट. सहा पक्षी भागिले तर एकेकाला अडीच फूट. गावठीला ते कसंबसं चालतं, ती दिवसभर बाहेर असते. या जातीला आत पाच फूट तरी द्या, सहा दिले तर उत्तम. तुम्ही कोकणातले, चार महिने पक्षी आतच राहणार, म्हणून सहाच्या पुढे धरा. 8 फूट बाय 5 फूट म्हणजे 40 चौरस फूट, हे तुमच्या सहांना पुरेल. त्याला लागून जाळीची पडवी, तीही वरून झाकलेली, 12 बाय 8 ची. उघड्या अंगणाचा हिशोब कोकणात धरूच नका.

दोन मजली तर अजिबात नको. माझी चूक सांगते. पहिलं खुराडं मी इथल्या एका वेल्डरकडून करून घेतलं, अँगलचं, आणि बसायच्या दांड्या लावल्या चार फुटांवर. का, तर माहेरी कोंबड्या आढ्यावर बसायच्या, तेच डोक्यात. ब्रह्मा चढल्या. ठोकळे ठेवले होते, ठोकळ्यांवरून धडपडत चढल्या, आणि मला वाटलं जमलं! पण कोंबडीचं चढणं बघून उपयोग नाही, सकाळचं उतरणं बघावं लागतं. गावठी पंख मारत तरंगत येते. ही नुसती पडते, चार-पाच किलोचं पोतं पडावं तशी, आणि खाली काय होतं, तर मी हौसेने बसवलेल्या शहाबादी फरश्या, त्यावर जेमतेम दोन बोटं तूस.

तीन महिन्यांनी दादूस लंगडायला लागला. मला वाटलं काटा असेल. मांडीवर घेऊन पाय उलटा केला, पिसं बाजूला सारली, तर तळव्याच्या मधोमध मसुराच्या डाळीएवढी काळी खपली, आणि तिच्याभोवती तळवा गरम, टम्म फुगलेला. दाबलं तर त्याने पाय आखडून घेतला. तालुक्याच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, बंबलफूट. पायाला मार बसतो, कातडी फाटते, घाणीतले जंतू आत शिरतात आणि गळू होतो. त्यांनी आतली गाठ काढली, आतमध्ये वाळलेल्या पिठल्यासारखं घट्ट काहीतरी होतं. पुढचे तीन आठवडे मी रोज पट्टी बदलत बसले. हे घरी ब्लेड घेऊन करायचं काम नाही, आधीच सांगून ठेवते.

त्यानंतर दांडी आणली खाली. तुसापासून 12 ते 14 इंच. फरशीपासून मोजू नका, तूस घातल्यावर उरते ती उंची मोजा. गोल बांबू किंवा पाइप नको, चपटी फळी घ्या, साडेतीन-चार इंच रुंद, कडा रंधा मारून गोल केलेल्या. मोठा पक्षी पंजा आवळून बसत नाही, तळव्यावर टेकतो. एकाला सव्वा फूट जागा धरली तर सहांना साडेसात फूट, म्हणजे तुमच्या 8 फुटी भिंतीला समांतर एक दांडी झाली की काम संपलं. सगळी एकाच उंचीवर. एक वर, एक खाली केलीत तर सगळ्यांना वरचीच हवी असते, रोज संध्याकाळी मारामारी.

आणि दांडी जाळीला चिकटून लावू नका! हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दांडी खाली आली की पक्षी मुंगसाच्या आणि मांजराच्या तोंडापाशी येतो. माझ्या एका तलंगेचा पंख बाहेरून ओढला होता, सकाळी जाळीच्या बाहेर पिसांचा ढीग. जाळीपासून दीड फूट आत घ्या. जाळी अर्ध्या इंची वेल्डमेश, ती षटकोनी कोंबडीजाळी नको, ती दोन वर्षांत गंजून हाताने फाटते.

कोबा करा, मातीची जमीन ठेवू नका, घुशी खालून येतात. कोब्यावर चार ते सहा इंच भाताचं तूस. तुमच्याकडे गिरणीत फुकट मिळत असेल, आम्हाला इथे विकत आणावं लागतं. तूस ओलं झालं का हे बघायला मूठ आवळायची. उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओलं, भुगा होऊन पडला तर ठीक. अधूनमधून पंजाने उलटं करायचं. आणि आठवड्यातून एकदा गुडघ्यावर बसून कोंबडीच्या तोंडाच्या उंचीवर नाक न्यायचं. आपल्याला उभ्याने वास येत नाही, तिला तो चोवीस तास येतो. डोळे चुरचुरले तर तूस काढायची वेळ झाली.

खुराड्याची उंची स्वतःचं डोकं मोजून ठरवा. आत उभं राहून झाडता आलं पाहिजे. वाकून झाडायचं खुराडं महिन्याभराने कोणी झाडत नाही, मीही नाही.

पत्र्याचं नंतर लिहिते, गिऱ्हाईक आलंय.

---

गडग्यापलीकडे (संगमेश्वर)

काकू, खूप आभार. ऑर्डर दिली नव्हती, कार्टमध्ये होती, काढली. टेप घेऊन आत्ताच बसलो होतो. नर 22 इंच उंच भरला आणि त्याने टेपची पट्टी चोचीत धरून ओढली.

एक शंका. खांबांवर उंच केलं तर खालून ओल येणार नाही, साप येणार नाही, असं सगळे म्हणतात. ते तरी खरं ना?

---

माळरान (मोहोळ, सोलापूर)

भाऊ, राग मानू नका, पण खुराड्याच्या आधीचा प्रश्न मी विचारतो. ही जात कशाला आणली?

मी दोन वर्षं ठेवली. आमच्याकडे मे महिन्यात 43-44 सहज होतं. कोंबडीला घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकणं हाच तिचा उपाय, आणि ही तर रजई पांघरून जन्माला आलेली. बत्तीसच्या पुढे गेलं की धाप सुरू व्हायची. दुपारी 2 ते 5 मी दुसरं काही करत नव्हतो. छपरावर कडब्याच्या पेंढ्या, चहूबाजूंनी ओलं गोणपाट, पाण्याची भांडी दर तासाला बदलायची. एवढं करून चारपैकी दोन गेल्या. राहिलेल्या दोन मी महाबळेश्वरकडच्या एका ओळखीच्यांना देऊन टाकल्या, तिथे मजेत आहेत.

आता असील आहेत माझ्याकडे. नर साडेचार किलोचा, पिसं अंगाला चिकटून, पाय उघडे, ऊन त्याच्या बापजाद्यांना माहीत. त्याचं दुखणं वेगळं, दोन नर एका जागी ठेवता येत नाहीत, एकमेकांना दिसतील अशी जाळीसुद्धा मध्ये चालत नाही, पत्राच लावावा लागतो. आणि नुसतं मांस-अंडी हवी असतील तर गिरिराज, वनराज या जाती आहेतच, सरकारी केंद्रावर पिल्लं मिळतात.

असो, आणलीच आहेत तर खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. म्हणजे लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला येतात, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडतं. आमच्याकडे एवढ्या एका गोष्टीने फरक पडतो. भिंत दीड फुटाच्या वर नको, वर सगळी जाळी. वारा कोंबडीच्या अंगावरून गेला पाहिजे, डोक्यावरून जाऊन उपयोग नाही.

---

खाडीकाठ (गुहागर)

संगमेश्वरवाल्यांनी आमच्यासारख्यांचं ऐकावं, घाटावरच्यांचं निम्मं. (काकू, तुम्ही निम्म्यात येत नाही.)

ओलं गोणपाट आपल्याकडे लावू नका. सोलापूरची हवा कोरडी, तिथे पाणी उडतं आणि गारवा येतो. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी की गोणपाट सकाळी भिजवलं तर संध्याकाळी तसंच ओलं मिळतं, आत नुसती वाफ. आपल्याला वारा हवा, बस्स.

पूर्व-पश्चिम लांबी बरोबर, पण कारण अजून एक. आपला पाऊस येतो नैऋत्येकडून. पश्चिमेची अरुंद भिंत पूर्ण चिऱ्याची बंद बांधा, झड तिच्यावर बसू दे. दक्षिणेच्या लांब बाजूला वळचण तीन फूट बाहेर काढा, आणि वरून गुंडाळता येईल अशी ताडपत्री. गुंडाळता येईल अशीच हवी. मी पहिल्या वर्षी खिळ्यांनी ठोकली होती, आषाढभर आत काळोख आणि कुबट वास, निम्म्या कोंबड्या खोकत होत्या.

खांबांचं विचारलंत. साप शिडीने येत नाही हे कोणी सांगितलं? धामण माझ्या माळ्यावर चढते. साप अडतो तो जाळीच्या बारीक भोकाने, उंचीने नाही. चिऱ्याचा एक फुटी जोता करा आणि पागोळ्या जोत्यावर पडणार नाहीत एवढं छप्पर पुढे आणा. चिरा पाणी पितो हे तुम्हाला माहीत आहेच, आतून सिमेंटचा हात द्या.

पायावरच्या पिसांबद्दल कोणीच बोललं नाही. आपल्या लाल मातीत पावसाळ्यात त्यांच्या बोटांवर गोळे होतात. माझ्याकडे कोचीन जातीच्या, अशाच पायाला पिसं असलेल्या, कोंबड्या होत्या दोन. एकीच्या मधल्या बोटावर चिखल सुकून सुपारीएवढा दगड झाला होता. मी ओढायला गेलो तर नखासकट येईल असं वाटलं. मग कोमट पाण्याच्या तांब्यात पाय धरून बसलो, वीस मिनिटं, ती शांत, मी घामाघूम. हळूहळू विरघळला. तेव्हापासून पावसात त्यांना अंगणात सोडणं बंद. त्याच पिसांखाली खवल्यांचे किडेही लपतात, पायाचे खवले उचललेले, खडबडीत दिसायला लागले की डॉक्टरांना दाखवा.

---

शिवणवाली काकू (वाई)

आले परत. खाडीकाठवाले, निम्म्यात धरलं नाहीत म्हणून आभारी आहे.

खांबांचं खाडीकाठवाल्यांनी सांगितलंच. माझं एवढंच की दोन फुटांवर खुराडं म्हणजे शिडी आली, आणि शिडी म्हणजे पुन्हा तेच उतरणं. एक फुटाचा जोता असेल तर चार फूट लांबीची फळी तिरपी टाका, दीड फूट रुंद, तिच्यावर दर सहा इंचांवर पट्टी ठोका. त्याहून खडी केलीत तर पावसाळ्यात घसरतात. दार 14 इंच रुंद, 18 उंच. दाराचा उंबरा तुसाच्या वर दोन बोटंच येऊ द्या, नाहीतर पिसांचे पाय अडकतात.

सोलापूरच्या भाऊंनी विचारलेला प्रश्न मला दरवर्षी मे महिन्यात पडतो. खोटं कशाला बोलू. वाईतसुद्धा मी एक घालवली आहे, आणि ती उन्हाने नाही, माझ्या डोक्याने गेली. पार्वती नाव होतं. खुडूक बसली होती. अंड्यांचे डबे मी पत्र्याच्या लगेच खाली लावले होते, तीन बाजूंनी बंद, कारण कोंबडीला आडोसा आवडतो ना! खुडूक कोंबडी उठत नाही, तुम्हाला माहीत आहे. दुपारी एकाला पाणी दाखवलं, प्यायली. साडेतीनला गेले तेव्हा पंख दोन्ही बाजूंना पसरलेले, चोच उघडी, मान डब्याच्या कडेवर. डब्यात हात घातला तर इस्त्री ठेवतो त्या पत्र्यासारखा गरम. अंडी तर उबवायच्या पलीकडे गेलेली.

तेव्हा कौलं घाला. जुनी मंगलोरी कौलं पाडलेल्या घरांची स्वस्तात मिळतात तुमच्याकडे. पत्राच घालायचा असेल तर त्यावर नारळाचे झाप, आणि पत्र्याखाली भिंतीच्या वरच्या बाजूला वीतभर फट चारी बाजूंनी, जाळी लावून. गरम हवा तिथून निघून जाते. अंड्यांची जागा खाली, जमिनीपासून सहा इंचांवर, आणि सगळ्यात गार कोपऱ्यात. डबा 15-16 इंचांचा चौकोन. मी तर आता घमेली ठेवते, तळाला वाळू, वर पेंढा. पाच माद्यांना दोन घमेली पुरतात, तिसरं ठेवलंत तरी दोनातच भांडतील. कडेवरून उडी मारून अंड्यांवर पडली की फुटतात, म्हणून घमेल्यापुढे एक वीट ठेवा. पायरी होते.

---

बर्फातला बंड्या (न्यू जर्सी)

मूळचा साताऱ्याचा, इकडे जर्सी जायंट कोंबड्या पाळतो, या राज्यात राहून दुसरं काय पाळणार. ब्लॅक नावाच्या दोन भावांनी इथेच ही जात तयार केली, आणि तिच्या रक्तात तुमची ब्रह्माही आहे. नर 13 पौंडांचा, म्हणजे जवळपास 6 किलो.

सोलापूरच्या दादांचं निरीक्षण बरोबर आहे, कारण ही जात थंडीलाच मानवणारी. नाव ब्रह्मपुत्रेवरून पडलं म्हणून आपल्याकडची वाटते, पण पक्षी शांघायहून जहाजाने अमेरिकेत आले. 1852 मध्ये इथल्या बर्नहॅम नावाच्या माणसाने त्यातले नऊ पक्षी व्हिक्टोरिया राणीला भेट पाठवले आणि जातीचा एकदम बोलबाला झाला. इथे थंडीत बाकीच्या कोंबड्या अंडी बंद करतात तेव्हा ब्रह्मा देत राहते, तुरा बारीक असल्यामुळे बर्फात गोठत नाही. पुढे कितीतरी दशकं इथली मांसाची मुख्य कोंबडी हीच होती.

माझी दांडी 16 इंचांवर आहे, तीही फळीच. हिवाळ्यात आमची मुख्य काळजी आतल्या दमटपणाची असते, तेव्हा इकडची चित्रं बघून बंद लाकडी खोकी बांधू नका. ती चित्रं बर्फाची आहेत.

---

माळरान (मोहोळ, सोलापूर)

बर्फातले दादा, म्हणजे माझ्या दोन कोंबड्या इतिहासाने मेल्या म्हणायच्या.

काकू, पार्वतीचं वाचून वाईट वाटलं. माझी पण एक डब्यातच गेली होती. लिहिलं नव्हतं.

---

गडग्यापलीकडे (संगमेश्वर)

मंडळी, एप्रिल संपत आला, उशिरा लिहितोय त्याबद्दल माफ करा. काम झालं.

फॅब्रिकेटरला दोन मजली नको म्हणून सांगितलं तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं. मग गावातल्याच गवंड्याला घेतलं. 8 बाय 5 चं माप सांगितल्यावर तो म्हणाला, "दादा, म्हैस किती लिटर देते?" चिरे आमच्या पडक्या गडग्याचेच वापरले, कौलं चुलत्यांच्या जुन्या घराची, फुकट. वेल्डमेश, सिमेंट, वासे, मजुरी मिळून 27,400 झाले. झाकलेली पडवी 12 बाय 8 ची झाली नाही, 9 बाय 8 वर पैसे संपले. उरलेलं पुढच्या वर्षी.

पश्चिमेची भिंत बंद, दक्षिणेला वळचण तीन फूट. दांडी म्हणून जुन्या पलंगाची बाजूची फळी निघाली, बरोबर चार इंच रुंद, सागाची. तुसापासून 13 इंचांवर लावली, जाळीपासून दीड फूट आत. तिरप्या फळीवर पहिल्या दिवशी कोणी पाय ठेवेना. आईने फळीवर तांदळाच्या कण्या टाकल्या, मग सगळ्या एकदम चढल्या, आणि आईच्या गावठीही. त्यांना आता हाकलतोय.

आज पहाटे मुद्दाम साडेपाचला जाऊन बसलो, काकूंनी सांगितलेलं उतरणं बघायला. माद्या एकेक करून टुपकन खाली आल्या, आवाजसुद्धा झाला नाही. नर शेवटपर्यंत बसून राहिला. मग एक पाय खाली सोडून तुसाचा अंदाज घेतला, पुन्हा वर घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि उतरला.

काकू, नराच्या पायाचे तळवे चारी बाजूंनी बघितले. स्वच्छ आहेत. फक्त डाव्या पायाच्या मागच्या बोटाला थोडी लाली वाटते, खपली नाही, गरमही लागत नाही. फोटो टाकू का?

---

शिवणवाली काकू (वाई)

टाका. आणि पिसं बाजूला धरून, उजेडात घ्या. लग्नसराई आहे, रात्री बघते.